आफ्रिकेच्या दारात बोर्निओची बोली: मादागास्करची पार्श्वभूमी

मादागास्करहून आफ्रिकेचा किनारा जेमतेम ४०० किलोमीटरवर. आग्नेय आशियातलं बोर्निओ मात्र अख्खा हिंदी महासागर ओलांडून पलीकडे. तरीही या बेटाची मालागासी भाषा बोर्निओतल्या बारितो नदीकाठच्या माआन्यान बोलीची सख्खी बहीण आहे. नॉर्वेचे अभ्यासक ऑटो ख्रिस्तियन डाल यांनी १९५१ साली हे नातं सविस्तर मांडलं.

दर्यावर्दी पूर्वेकडून आले ते आपलं धान्य बरोबर घेऊन. मादागास्कर आणि शेजारच्या कोमोरो बेटांवरच्या जुन्या वस्त्यांच्या मातीत भाताचे, मुगाचे जळके दाणे सापडले. आठव्या ते दहाव्या शतकांतले. समोरच्या आफ्रिकी किनाऱ्यावर त्या काळी ज्वारी, बाजरी, नाचणी पिकत होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो, कारण आलेली माणसं काय जेवत होती ते त्यातून कळतं.

आफ्रिकेतून बांटू भाषा बोलणारे लोकही बेटावर आले, गुरं घेऊन. म्हणून मालागासीत गायबैलांना ‘उंबी’ म्हणतात, ते स्वाहिलीतल्या ‘न्गोंबे’चं भावंड. वारांची नावं अरबी व्यापाऱ्यांकडून आली: रविवार ‘अलाहादी’, मंगळवार ‘तलाता’. आग्नेय किनाऱ्यावरचे आंतेमुरू तर आपली भाषा अरबी लिपीत लिहीत.

आणि एक शब्द आपल्याही ओळखीचा. मालागासीत एक लाखाला ‘हेत्सी’ म्हणतात. हा मलायमधल्या ‘केती’वरून आला आणि ‘केती’ संस्कृत ‘कोटी’वरून. प्रवासात कोटीचा लाख झाला, पण शब्द टिकला!

मधल्या पठारावर मेरिना लोकांनी डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं केली. त्यांच्या राजांनी एकोणिसाव्या शतकात बेटाचा बराचसा भाग ताब्यात घेतला. १८९६ मध्ये फ्रान्सने बेट आपली वसाहत करून टाकलं, आणि गव्हर्नर गालिएनी यांनी जमातीजमातींचा वेगळा कारभार लावला. पठारावरचे ‘आशियाई’, किनाऱ्यावरचे ‘आफ्रिकी’ ही वाटणी त्या काळात पक्की झाली. १९६० च्या स्वातंत्र्यानंतरही ती राजकारणातून गेली नाही, याचं वाईट वाटतं. आज तिथे १८ जमाती मोजल्या जातात. पण जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा पठारावर काय आणि किनाऱ्यावर काय, दोन्हीकडच्या माणसांत आशिया आणि आफ्रिका दोन्ही सापडले, प्रमाण तेवढं कमीजास्त.