फुजीजवळची बर्फाची गुहा बघायला बेळगावातनं जायचं तर कागदं कुठली लागतात

जपानात माउंट फुजीच्या पायथ्याला नारुसावा म्हणून बर्फाची गुहा आहे, मी जाऊन आल्यापासनं खानापूर-निपाणीकडचे ओळखीचे लोक एकच विचारतात, "परमिट कुठं काढायचं रे?" परमिट-बिरमिट काही नाही, गुहेच्या दारातच तिकीट मिळतं. लागतो तो जपानचा व्हिसा, आणि खरी दमछाक त्याच्याही आधी, घरातल्या ट्रंकेतल्या कागदांत होते बघा.

पहिल्यांदा पासपोर्ट. ऑनलाइन फॉर्म भरायचा, 36 पानी साध्या पासपोर्टची फी 1500 रुपये, तारीख घेऊन ओरिजिनल कागद घेऊन जायचं, नंतर पोलीस व्हेरिफिकेशन. आता आपल्याकडची गोची अशी की शाळेचा दाखला मराठी शाळेचा आणि बाकीचे कागद कन्नड ऑफिसातले. आमच्या वडलांचं आडनाव दाखल्यावर चौगुले आणि रेशन कार्डावर चौगला! दोन्ही माणसं एकच, पण हे काउंटरवरच्या माणसाला कोण सांगणार, आधार दुरुस्त करून घेण्यातच आमचे दोन महिने गेले. म्हणून फॉर्म भरायच्या आधी एक संध्याकाळ सगळे कागद सतरंजीवर पसरा आणि नावाचं अक्षर न अक्षर जुळवून बघा. दहावी पास असाल तर मार्कशीट जोडा, म्हणजे पासपोर्ट नॉन-ईसीआर मिळतो (काही देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागत नाही असा).

मग व्हिसा. भारतात राहणाऱ्यांना 1 एप्रिल 2024 पासनं जपानचा टुरिस्ट ई-व्हिसा मिळतो, एकदाच एंट्री, जास्तीत जास्त 90 दिवस. पण नाव ई-व्हिसा असलं तरी अर्ज व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या, सेंटरमार्फतच जातो. आणि इथं बरेच जण चुकतात, कोल्हापूरच्या पाहुण्यानं मुंबईत केला म्हणून आपणही मुंबईत करायला जातात. चंदगडवाल्यांना मुंबई बरोबर, बेळगाव-खानापूर-निपाणीवाल्यांना मात्र बेंगळुरूच, पत्ता कर्नाटकातला ना. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री बसलं की सकाळी तिथं, आता वंदे भारत पण आहे.

कागद म्हणाल तर पासपोर्ट, भरलेला फॉर्म, फोटो, विमानाचं आणि हॉटेलचं बुकिंग, कुठल्या दिवशी कुठं राहणार त्याचा तक्ता, बँक स्टेटमेंट, आयटीआर, आणि कशाला चाललो ते सांगणारं पत्र. अर्ज करायच्या दिवशी व्हीएफएसची ताजी यादी बघून घ्या, ती बदलते. हॉटेलच्या तारखा आणि तक्त्यातल्या तारखा सारख्याच हव्यात. व्हिसा हातात येईस्तोवर रद्द न होणारं तिकीट काढू नका म्हणजे झालं.

ऊसवाल्यांचं वेगळंच. शेतीच्या उत्पन्नाला इन्कम टॅक्स नाही म्हणून आयटीआर भरलेलाच नसतो, तेव्हा पत्रात तसं सरळ लिहावं, पहाणी उतारा (आपला कर्नाटकातला सातबारा) इंग्रजी भाषांतरासकट जोडावा आणि कारखान्याचं बिल ज्या खात्यात येतं त्याचंच स्टेटमेंट द्यावं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कुणाकडनं तरी दोन लाख आणून खात्यात टाकायचे, असलं शहाणपण करू नका, स्टेटमेंटमध्ये ते लगेच दिसतं. खर्च मुलगा करणार असला तर त्याचे पैशाचे कागद आणि नात्याचा पुरावा.

ई-व्हिसा मंजूर झाला की विमानतळावर तो मोबाईलमध्ये ऑनलाइन उघडून दाखवायचा असतो, स्क्रीनशॉट किंवा झेरॉक्स चालत नाही. नेट पाहिजेच.

तिथं गेल्यावर टोकियोतल्या शिंजुकूहून फुजीजवळच्या कावागुचिको गावापर्यंत बसनं दोनेक तास, पुढं लोकल बस. 864 साली फुजीचा उद्रेक झाला, त्या लाव्ह्यात तयार झालेली ही गुहा, 153 मीटर लांब, 21 मीटर खोल. आत सरासरी 3 अंश, थंड हवा जड म्हणून खाली बसते ती बाहेर पडतच नाही, त्यामुळं बाहेर उन्हाळा असला तरी आत बर्फ. पूर्वी हा बर्फ साठवून वापरायचे म्हणे. आपलं बेळगावही दख्खनच्या लाव्ह्याच्या काठावरच, पण आपल्या दगडात असलं काही नाही!

स्वेटर न्या, चप्पल नको, पायऱ्या ओल्या असतात. एके ठिकाणी छत फक्त 91 सेंटीमीटर आहे, तिथं बदकासारखं चालावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या काकूंना वरच बसवा, मी आमच्या आईला आत नेलं आणि परत येताना तिनं मला जे काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.