स्वाइन फ्लूचा स्वॅब: कुणाचा घेतात, सोबत काय न्यायचं

ताप आला, घसा धरला की बरेच जण ‘माझा स्वॅब (नाका-घशातून काडीने घेतलेला नमुना) घ्या’ म्हणत थेट सरकारी रुग्णालय गाठतात. एच१एन१ची, म्हणजे स्वाइन फ्लूच्या विषाणूची, तपासणी अशी मागून होत नाही. केंद्राच्या नियमावलीप्रमाणे डॉक्टर आधी वर्ग ठरवतात. साधा ताप, खोकला, अंगदुखी असेल तर ‘अ’: घरी आराम आणि २४ ते ४८ तासांनी पुन्हा दाखवायचं. भरपूर ताप आणि घसा फारच दुखत असेल, किंवा रुग्ण गरोदर, मधुमेही वा ६५ वर्षांवरचा असेल तर ‘ब’. यात ऑसेल्टामिविर या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या देतात, स्वॅब घेत नाहीत. धाप, छातीत दुखणं, गुंगी, थुंकीत रक्त, निळसर नखं ही ‘क’ची लक्षणं. अशा रुग्णाला दाखल करून स्वॅब घेतात, आणि रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात.

कागद फारसे लागत नाहीत. केसपेपर, आधार किंवा दुसरं ओळखपत्र, चालू मोबाइल नंबर, रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी. गाडी अडते ती फॉर्मातल्या एका रकान्यापाशी: लक्षणं कोणत्या तारखेला सुरू झाली? ‘झाले असतील चार-पाच दिवस’ हे उत्तर तिथे चालत नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत विषाणू चांगला सापडतो, नंतर कमी होत जातो. त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टवर किती विसंबायचं हे त्या तारखेवरूनच कळतं. आजी ‘एकादशीच्या दुसऱ्या दिवशी कणकण होती’ म्हणाल्या, तर घरातूनच कालनिर्णय बघून निघा.

स्वॅबआधी अर्धा तास खाणं-पिणं, गुळण्या, नाकातला स्प्रे बंद. तंबाखू तर नकोच. नाकाचं हाड वाकडं असेल, घोळणा फुटत असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर काडी नाकात जाण्याआधी सांगा. डोळ्यांत पाणी येतं, घशात काडी फिरली की ओकारीही येते. काही सेकंदांचं काम.

मग ती काडी गुलाबी द्रावणाच्या नळीत खाचेपाशी मोडतात, झाकण लावतात आणि नळी बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत जाते. मुंबईत कस्तुरबा रुग्णालय, पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ही त्यातली ठाऊक नावं. डब्यात जाण्याआधी नळीवरच्या चिठ्ठीवर नाव आणि वय आपल्या डोळ्यांनी वाचून घ्या.