छायाचित्रावरून तैलचित्र (नाशिक)

छायाचित्र समोर ठेवून व्यक्तीचे तैलरंगातील चित्र रंगवून घेण्याची प्रथा. यातील बरीचशी चित्रे मरणोत्तर असतात. घरातील बैठकीची खोली आणि संस्थांची सभागृहे ही त्यांची नेहमीची जागा.

उगम : महाराष्ट्रात तैलरंगातील व्यक्तिचित्रण छायाचित्रणाहून जुने आहे. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने 1790 नंतर पुण्यात सवाई माधवराव व नाना फडणवीस यांची चित्रे रंगवली. आरंभ तेथून धरण्याचा मोह होतो. पण वेल्स 1795 मध्ये वारला आणि ती परंपरा सलग चालली असे दिसत नाही. चांदवडच्या रंगमहालातील भित्तिचित्रांशीही नाते जोडता येईल, मात्र त्यांचे तंत्र वेगळे. 1857 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेतील शिक्षण आणि त्याच सुमारास रुळलेला कॅमेरा, या दोहोंच्या संयोगातून ही प्रथा आली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. या संयोगाचे ठळक उदाहरण नाशिक जिल्ह्यातलेच आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके (1870–1944) जे. जे.मध्ये व नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले, चित्रकला आणि छायाचित्रण दोन्ही त्यांनी आत्मसात केले आणि चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय केला.

तंत्र : छायाचित्रावर व कॅनव्हासवर प्रमाणशीर चौकटी आखून रेखाटन उतरवतात. पातळ रंगात छायाप्रकाशाची मांडणी, त्यावर जवसाच्या तेलाचे प्रमाण वाढवत पुढील थर, असा क्रम असतो. हा क्रम उलटल्यास रंगाला पुढे तडे जातात.

खरी कसोटी जुन्या कृष्णधवल छायाचित्रांची. सुरुवातीच्या छायाचित्रणात फिल्मऐवजी वापरल्या जाणाऱ्या रासायनिक लेपाच्या काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच संवेदनक्षम होत्या, त्यामुळे तांबडा रंग काळा आणि निळा जवळजवळ पांढरा उमटे. सवाष्णीचे कुंकू काळ्या टिकलीसारखे दिसते, सोवळ्या विधवेचे तांबडे आलवण (विधवेने नेसायचे लुगडे) काळे भासते, सावळा वर्ण आणखी गडद होतो. पंजीचे लुगडे काळेच होते असे धरून रंगवणारा चित्रकार तिच्या अंगावर तिने कधी न नेसलेले वस्त्र चढवतो. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना वर्ण, डोळे व लुगड्याचा रंग विचारून घेणे हा या कामाचा अविभाज्य भाग होय. जवळून घेतलेल्या छायाचित्रात नाक मोठे व कान मागे गेलेले दिसतात. समोरून पडलेल्या फ्लॅशने गालांचे उठाव पुसले जातात. हे दोष जसेच्या तसे नकलणे म्हणजे साधर्म्य नव्हे.

गोदाकाठी दशक्रियेच्या दिवसांतच चित्राचा विषय निघतो. तेराव्यापर्यंत मुदत मागितली जाते, पण वरचा थर हाताला कोरडा लागायलाच काही दिवस जातात आणि वॉर्निशसाठी सहा महिने ते वर्षभर थांबावे लागते. वर्षश्राद्धाची मुदत रास्त.

स्थानिक चित्रकार : नाशिकच्या चित्रकलेविषयीचे लेखन प्रामुख्याने निसर्गचित्रणाकडे झुकलेले आहे. गोदाघाट रंगवणारे शिवाजी तुपे यांचे नाव त्यात अग्रक्रमाने येते. व्यक्तिचित्रे करणाऱ्यांची नोंद बहुधा चित्राच्या कोपऱ्यातील सहीपुरतीच उरते, आणि नवी चौकट बसवताना ती सहीही झाकली जाते.

अलीकडे कॅनव्हासवर छापून वर ब्रश फिरवलेल्या प्रतींनाही ‘तैलचित्र’ म्हटले जाते. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसल्यास ती छापील प्रत समजावी. हाताने रंगवलेल्या चित्रावर तिरपा उजेड धरला, की ब्रशच्या फटकाऱ्यांचे उंचवटे चेहऱ्याच्या घडणीबरोबर वळताना दिसतात.