बोललेलं समजणारं यंत्र : राज रेड्डी यांच्या कामाची पार्श्वभूमी

१९६९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या ध्वनिशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात एक पत्र छापून आलं. लिहिणारे होते बेल लॅब्जचे, म्हणजे तिथल्या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेचे, जॉन पिअर्स. ट्रान्झिस्टरला ते नाव देणारे हेच. माणसाचं बोलणं ओळखणारं यंत्र करण्याचा खटाटोप त्यांच्या मते पाण्याचं पेट्रोल करण्यासारखा किंवा समुद्रातून सोनं काढण्यासारखा होता: पैसा ओढून घेणारा, पण शास्त्र म्हणून पोकळ. पिअर्स यांच्या शब्दाला इतकं वजन होतं की बेल लॅब्जमध्ये या विषयावरचं काम काही वर्षं थांबलंच.

त्याच वर्षी राज रेड्डी हे भारतात जन्मलेले संगणकशास्त्रज्ञ स्टॅनफर्ड विद्यापीठ सोडून पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रुजू झाले, वय ३२. सोबत नेलेला विषय नेमका हाच होता. आज आपण फोनसमोर मराठीत बोलतो आणि पडद्यावर अक्षरं उमटतात. ते कसं शक्य झालं हे शोधत मागे गेलं की पिट्सबर्गच्या त्या प्रयोगशाळेत यावंच लागतं.

डब्बला राजगोपाल रेड्डी यांचा जन्म १९३७ सालचा, चित्तूर जिल्ह्यातल्या काटूर गावचा. शेतकरी घर. घरातून कॉलेजची पायरी चढणारे ते पहिलेच. १९५८ मध्ये मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली, तीही सिव्हिलची. पुढच्या शिक्षणासाठी ते सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात गेले आणि तिथे त्यांची गाठ पहिल्यांदा संगणकाशी पडली. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचं ते यंत्र ड्यूस या जातीचं होतं, म्हणजे संगणकशास्त्राचे एक जनक अ‍ॅलन ट्युरिंग यांनी आखलेल्या एस यंत्राच्या वंशातलं. पुढे ज्यांच्या नावाचा पुरस्कार मिळायचा होता, त्यांच्याच आराखड्यातून निघालेल्या यंत्रावर या सिव्हिल इंजिनिअरने हात बसवला, ही गोष्ट मला फार आवडते. काही काळ ऑस्ट्रेलियात आयबीएममध्ये नोकरी करून ते स्टॅनफर्डला गेले आणि जॉन मॅकार्थी यांच्या हाताखाली १९६६ मध्ये पीएचडी झाले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव रूढ करणारे ते मॅकार्थी. विषय ठरला बोलणं ओळखण्याचा, आणि पुढची कित्येक दशकं त्यांनी तो सोडला नाही.

हा प्रश्न इतका अवघड का, हे मराठी माणसाला स्वतःच्या बोलण्याकडे कान दिला तरी कळेल. लिहिताना आपण शब्दांत जागा सोडतो, बोलताना सोडत नाही. 'काय करतो आहेस' हे तोंडातून 'काय करतोयस' होऊन बाहेर पडतं आणि ध्वनीच्या आलेखात कुठला शब्द कुठे संपला याची खूण दिसत नाही. 'जरा थांब' मधला ज आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण यातला ज लिहायला एक, उच्चाराला दोन. त्यात प्रत्येकाचा गळा निराळा, वेग निराळा, सर्दी झाली की आणखी निराळा. माणसाला हे जमतं ते त्याला भाषा, प्रसंग आणि समोरचा काय बोलण्याचा संभव आहे हे आधीच ठाऊक असतं म्हणून. अर्धवट ऐकू आलेलं आपण मनात पुरं करतो.

रेड्डी यांची पहिली मोठी कल्पना इथूनच निघाली. यंत्राला नुसते कान देऊन भागणार नाही, त्याला विषयाची जाणही द्यायला हवी. त्यांच्या गटाच्या 'हिअरसे' या पहिल्या प्रणालीला बुद्धिबळातल्या चाली तोंडी सांगता येत. पटावर त्या क्षणी कोणत्या चाली शक्य आहेत हे तिला माहीत असे, त्यामुळे कानावर पडलेल्या अस्पष्ट आवाजाचे अर्थ आपोआप मोजके उरत.

'हिअरसे-२' मध्ये ही कल्पना आणखी पुढे गेली. एका फळ्यासमोर पाचसहा जाणकार उभे आहेत असं समजा. एकाला फक्त ध्वनी कळतात, दुसऱ्याला अक्षरं, तिसऱ्याला शब्द, चौथ्याला वाक्यरचना. ज्याला जे सुचेल ते त्याने फळ्यावर लिहायचं. दुसऱ्याने ते पाहून आपला अंदाज सुधारायचा, पटत नसेल तर दुसरा मांडायचा. कुणी कुणाचा साहेब नाही, बोलणं सगळं फळ्यामार्फत. संगणकशास्त्रात 'ब्लॅकबोर्ड' पद्धत म्हणतात ती हीच. बोलण्याशी संबंध नसलेल्या अनेक क्षेत्रांतही ती पुढे वापरली गेली.

या कामाला पैसा आला तो अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या अर्पा या संस्थेकडून. १९७१ मध्ये तिने पाच वर्षांचा कार्यक्रम आखला. हजार शब्दांचा साठा असावा, शब्द तोडून न बोलता सलग बोलता यावं, आणि अर्थ चुकण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत राहावं, अशी अट होती. पिअर्स यांच्या पत्राला तेव्हा जेमतेम दोन वर्षं होत होती.

कार्नेगी मेलनमध्ये या काळात जे घडलं, ते माझ्या मते रेड्डी यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोलाचं पान आहे. एकाच छपराखाली तीन वेगवेगळ्या वाटा चालू होत्या. हिअरसे-२ हा ज्ञानाचा भलामोठा डोलारा. दुसरीकडे जेम्स बेकर हा विद्यार्थी 'ड्रॅगन' करत होता. त्यात भाषेच्या नियमांना फारसं स्थान नव्हतं, होता तो संभाव्यतेचा हिशोब: या ध्वनीनंतर तो ध्वनी येण्याची शक्यता किती. तिसरी 'हार्पी', ब्रूस लॉवर यांची. तिने दोन्हींतलं थोडं थोडं घेतलं. बोलता येतील अशी सगळी वाक्यं एकाच मोठ्या जाळ्यात विणून ठेवली आणि ऐकताना त्या जाळ्यातल्या फक्त आशादायक वाटाच पुढे नेल्या. कमकुवत वाटा जागच्या जागी सोडून दिल्या. या युक्तीला 'बीम सर्च' म्हणतात. यंत्र भाषांतर करतं तेव्हा आजही ती कामी येते.

१९७६ मध्ये मुदत संपली तेव्हा अटी पुऱ्या करणारी प्रणाली ठरली हार्पी. शब्द १,०११. ज्या हिअरसेवर रेड्डी यांचा स्वतःचा जीव होता, ती मागे पडली. त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच आधाराने वाढलेल्या कामाने तिला मागे टाकलं होतं. पुढे जग वळलं ते तर ड्रॅगनच्या संभाव्यतेच्या वाटेने. जेम्स आणि जॅनेट बेकर या दांपत्याने १९८२ मध्ये काढलेल्या ड्रॅगन सिस्टिम्स कंपनीने आवाजावर टंकलेखन करणारी प्रणाली बाजारात आणली.

हेच पुन्हा एकदा घडलं. ऐंशीच्या दशकात काय-फू ली नावाचा विद्यार्थी आला. तज्ज्ञांचं ज्ञान नियमांत बसवण्यापेक्षा ढीगभर नमुन्यांवर सांख्यिकीने काम करावं, असं त्याचं म्हणणं. रेड्डींना ते पटलं नव्हतं. तरीही, मत जुळत नसलं तरी पाठिंबा देतो, असं त्यांनी सांगितल्याची आठवण ली यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. त्यातून १९८८ मध्ये 'स्फिंक्स' उभी राहिली. तोवर बहुतेक प्रणालींना प्रत्येक नव्या माणसाचा आवाज आधी शिकवावा लागे. स्फिंक्सला ती गरज उरली नाही, अनोळखी माणूस सलग बोलला तरी ती ओळखू लागली. आपल्या मताविरुद्धच्या कामाला पैसा, यंत्रं आणि वेळ देणारा मार्गदर्शक विद्यापीठात काय करू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दरम्यान १९७९ मध्ये कार्नेगी मेलनची रोबोटिक्स संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक रेड्डीच, आणि ते पद त्यांनी १९९१ पर्यंत सांभाळलं. नंतर ते संगणकशास्त्र शाखेचे अधिष्ठाता झाले. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार १९९४ साठी त्यांना एडवर्ड फायगेनबाम या संगणकशास्त्रज्ञासह मिळाला. आशियात जन्मलेल्या व्यक्तीला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. २००१ मध्ये पद्मभूषण.

पण हे सगळं कोणासाठी, हा प्रश्न रेड्डी यांनी बराच आधी विचारला होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये फ्रेंच सरकारने एक जागतिक संगणक केंद्र उघडलं. गरीब देशांतल्या लोकांपर्यंत संगणक नेणं हे त्याचं काम, आणि मुख्य शास्त्रज्ञ होते रेड्डी. त्या कामासाठी फ्रान्सने १९८४ मध्ये त्यांना 'लेजिओं दोनर' हा सन्मान दिला. ज्याला वाचता येत नाही त्याला कळफलकाचा काय उपयोग, त्याला यंत्राशी बोलताच आलं पाहिजे, हे सूत्र ते आजतागायत मांडत आले आहेत.

दहा लाख पुस्तकं स्कॅन करून सर्वांना फुकट वाचायला देण्याचा प्रकल्पही त्यांच्याच पुढाकाराने उभा राहिला. अमेरिका, चीन, भारत आणि इजिप्त यांनी मिळून २००७ पर्यंत १५ लाखांचा टप्पा ओलांडला. त्याच्या भारतीय भागात, म्हणजे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियात, हजारो मराठी पुस्तकं आली. शंभर वर्षांपूर्वीचं एखादं चरित्र किंवा बंद पडलेल्या मासिकाचा अंक, पानावर कुठल्याशा ग्रंथालयाचा गोल शिक्का, असं काही इंटरनेटवर ज्यांना सापडलंय त्यांना या कामाचं मोल वेगळं सांगायला नको.

२००८ मध्ये आंध्र प्रदेशात ग्रामीण मुलांसाठी तंत्रज्ञान विद्यापीठ निघालं. दहावीत चांगले गुण मिळवलेली खेड्यातली मुलं थेट घ्यायची आणि सहा वर्षांत इंजिनिअर करून पाठवायची, अशी योजना. पहिले कुलपती रेड्डी. त्याच्या सुरुवातीच्या तीन संकुलांपैकी एक बासरला निघालं, जे आता तेलंगणात आहे. नांदेडकडच्या लोकांना बासर परकं नाही. धर्माबादच्या पलीकडे गोदाकाठी सरस्वतीचं देऊळ आहे आणि मुलांना पहिलं अक्षर गिरवायला तिथेच नेतात.

आणि स्फिंक्स? २००० साली कार्नेगी मेलनने तिचा आतला सगळा कोड सर्वांसाठी खुला केला. पुढच्या दशकात केंद्र सरकारच्या एका प्रकल्पात देशातल्या अनेक संस्थांनी मिळून शेतमालाचे भाव फोनवर तोंडी विचारता येतील अशी सोय करायला घेतली. मराठीचा भाग मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयआयटी यांच्याकडे होता. महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांत जाऊन शेतकऱ्यांचे आवाज त्यांच्याच मोबाइलवरून गोळा केले गेले, आजूबाजूच्या गलक्यासकट. मालाचं नाव, जिल्ह्याचं नाव, बाजाराचं नाव. त्या आवाजांवर मराठी शिकवली गेली ती स्फिंक्सला.