कोलेस्टेरॉलची गोळी: रात्रीचीच की कधीही चालणारी?

वडिलांच्या गोळ्यांच्या डब्यात महिनाअखेरीला सहा-सात अ‍ॅटोरव्हास्टॅटिन उरायच्या. रोज एक, रात्री झोपताना, असं ठरलेलं. पण जेवण झालं की बातम्या बघता बघता त्यांना खुर्चीतच डुलकी लागायची, मग उठून सरळ अंथरुणात. सकाळी आठवण यायची, पण तेव्हा ते गोळीला हात लावत नसत. कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीचीच, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं होतं.

हा नियम खोटा नाही, फक्त तो त्यांच्या गोळीचा नव्हता.

आपलं लिव्हर स्वतःच कोलेस्टेरॉल बनवतं आणि हे काम रात्री, मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत जास्त जोरात चालतं. स्टॅटिन गटातली औषधं त्यासाठी लागणारं एन्झाइम अडवतात. या गटातलं पहिलं औषध, लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत १९८७ साली मंजूर झालं. मागोमाग सिमव्हास्टॅटिन आलं. दोन्ही शरीरातून लवकर निघून जातात. काही तासांतच त्यांचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. सकाळी घेतलेल्या गोळीतलं मध्यरात्री, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, फारच थोडं उरतं. म्हणून सिमव्हास्टॅटिन संध्याकाळी किंवा रात्री घ्यायला सांगतात, आणि साधी लोव्हास्टॅटिन रात्रीच्या जेवणासोबत, कारण पोटात अन्न असलं की ती जास्त शोषली जाते.

अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन यांचं गणित निराळं आहे. रोसुव्हास्टॅटिन निम्म्यावर यायला साधारण १९ तास लागतात. सकाळी ८ वाजता घेतली, तर पहाटे ३ वाजताही जवळजवळ अर्धी शिल्लक असते, शिवाय आदल्या दिवसाच्या गोळीचा अंश असतोच. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनला सुमारे १४ तास लागतात. पण लिव्हरमध्ये तिच्यापासून जे घटक तयार होतात तेही तेच काम करतात, त्यामुळे परिणाम २० ते ३० तास टिकतो. या दोन्ही गोळ्या सकाळी, दुपारी, रात्री, जेवणाआधी किंवा नंतर, कधीही चालतात. वेळ मात्र रोज तीच हवी.

नावांच्या शेवटी सगळीकडे ‘स्टॅटिन’ असल्यामुळे घोटाळा होतो, आणि ब्रँडच्या नावात तर तेही दिसत नाही. म्हणून स्ट्रिपवरचं बारीक अक्षरातलं औषधाचं मूळ नाव वाचाच. फ्लुव्हास्टॅटिनच्या बाबतीत तेवढंही पुरत नाही: साधी कॅप्सूल संध्याकाळची, पण हळूहळू विरघळणारी गोळी कधीही चालते. एझेटिमाइब हेही कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, पण ते स्टॅटिन नाही, तेही दिवसातून केव्हाही घेता येतं.

माझं मत विचाराल तर लांब टिकणाऱ्या गोळीसाठी उत्तम वेळ म्हणजे जी विसरली जात नाही ती. वडिलांनी डॉक्टरांना विचारून गोळी सकाळच्या ब्लडप्रेशरच्या गोळीसोबत घ्यायला सुरुवात केली आणि डब्यात उरणाऱ्या गोळ्या जवळपास संपल्या. सिमव्हास्टॅटिन चालू असेल तर मात्र असा बदल स्वतःहून करू नका. रात्री जमतच नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, ते लांब टिकणारं औषध देता येतं का ते बघतील.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नका, नेहमीची एकच घ्या. आणि रोसुव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी एक जपायचं: अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असलेलं अ‍ॅसिडिटीचं औषध गोळीनंतर किमान २ तासांनी घ्यावं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.