फ्लॅपर शिकार

शिकारीचा हंगाम उघडताच, पंख पुरते न भरलेल्या किंवा नुकत्याच उडू लागलेल्या रानबदकांची बंदुकीने केली जाणारी शिकार. प्रथा मुख्यतः ब्रिटनमधली. तिच्यामागचा नैतिक प्रश्न मात्र रानबदके जिथे वीण घालतात आणि मारलीही जातात, अशा सर्व प्रदेशांना लागू होतो.

संज्ञा : ‘फ्लॅपर’ हे नाव पंखांच्या फडफडीवरून पडले, याबद्दल मतभेद नाही. रानबदकाचे पिल्लू या अर्थाने हा शब्द इंग्रजीत साधारणपणे अठराव्या शतकाच्या मध्यापासून आढळतो. वाद आहे तो त्याच्या पुढच्या प्रवासाबद्दल. १९२० च्या दशकात रूढ चालीरीती झुगारणाऱ्या तरुणींना हेच नाव मिळाले. एका मताप्रमाणे हा अर्थ थेट बदकाच्या पिल्लावरून आला : धड घरट्यातले नाही, धड आकाशातले नाही, असे वय. दुसरे मत सतराव्या शतकातल्या ‘फ्लॅप’ या, तरुणीच्या चारित्र्यावर शिंतोडा उडवणाऱ्या शब्दाकडे जाते. १८८९ च्या सुमाराच्या एका अपभाषाकोशात ‘फ्लॅपर’ त्याच वळणाचा आहे. तिसरे स्पष्टीकरण उत्तर इंग्लंडच्या बोलीतले असून ते किशोरवयीन मुलीच्या पाठीवर उडणाऱ्या वेणीशी शब्द जोडते. बकल न लावलेल्या पावसाळी बुटांच्या फटफटीची लोकप्रिय कथा मात्र टिकत नाही, कारण शब्द त्या फॅशनपेक्षा जुना आहे. बोली आणि अपभाषा यांतल्या नोंदी पाहता बदकाची प्रतिमा मुळात नसून मागाहून आधाराला आली असावी. फ्रेंचमध्ये अशा पिल्लाला ‘आलब्रां’ म्हणतात. तो शब्द ‘अर्धे बदक’ या अर्थाच्या मध्ययुगीन जर्मन शब्दावरून आला. अर्धेपण बहुधा आकाराचे असावे, पण पंखांच्या दृष्टीनेही ते नेमके बसते.

जीवशास्त्रीय बाजू : मलार्ड किंवा नीलशीर (ॲनास प्लॅटिऱ्हिंकोस) या बदकाची मादी सुमारे चार आठवडे अंडी उबवते. पिल्ले पहिल्याच दिवशी-दोन दिवसांत पाण्यात उतरतात, पण उडू लागायला त्यांना साधारण ५० ते ६० दिवस लागतात. घरटे मोडले तर मादी पुन्हा अंडी घालते. त्यामुळे एकाच तळ्यावर एप्रिलमधली आणि जुलैमधली पिल्ले एकत्र दिसतात. १० जुलैला अंड्याबाहेर आलेले पिल्लू ऑगस्टच्या अखेरीआधी उडत नाही, आणि अनेकदा सप्टेंबरचा पहिला आठवडा उजाडतो. त्यातच मोठ्या बदकांची उड्डाणपिसे वर्षातून एकदा सगळी एकदम झडतात आणि काही आठवडे त्यांनाही उडता येत नाही. नरांची ही वेळ आधी येते. मादीची वेळ पिल्ले वाढवून झाल्यावर, म्हणजे नेमकी हंगामाच्या तोंडावर येते.

शिकारीची रीत साधी आहे. कुत्रे लव्हाळ्यात सोडतात, बंदूकवाले मोकळ्या पाण्याच्या कडेला उभे राहतात. पिल्लू आधी पोहत दूर जाते, मग बुडी मारते, कधी काठाच्या मुळ्यांखाली फक्त चोच वर ठेवून दडते. अगदीच निरुपाय झाला की पाणी बडवत हातभर उंचीवरून सरळ जाते. तेव्हा नेम चुकणे अवघड असते.

कायदे : आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीतल्या (सु. १५३४) इंग्लिश कायद्याने ३१ मे ते ३१ ऑगस्ट या काळात जाळ्यांनी रानपक्षी पकडण्यास बंदी केली. त्याच्या प्रास्ताविकात दिलेले कारण आजही वाचण्यासारखे आहे : या दिवसांत मोठ्या पक्ष्यांची पिसे झडलेली असतात आणि पिल्लांना उडण्याइतकी फुटलेली नसतात. रोख मुख्यतः संख्या घटण्यावर होता, दयेवर नव्हे. तरीही प्रश्नाचा गाभा त्यात आला आहे. १८८० च्या ब्रिटिश कायद्याने सर्वसाधारण बंदीकाल १ मार्च ते १ ऑगस्ट ठरवला. त्यामुळे ऑगस्ट हाच फ्लॅपर शिकारीचा महिना झाला. १९५४ च्या कायद्याने बदकांचा हंगाम १ सप्टेंबरवर नेला आणि १९८१ च्या कायद्यात ती तारीख कायम राहिली. कॅनडा आणि अमेरिकेतील स्थलांतरी पक्ष्यांविषयीच्या १९१६ च्या करारातही १ सप्टेंबर हीच सीमा आहे.

नैतिक वाद : शिकारीच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद संख्येचा आहे. पहिल्या वर्षात बरीच पिल्ले कशाने ना कशाने मरतातच, तेव्हा बंदुकीने मेलेले पिल्लू हिवाळ्यात मेलेच असते, असे मानले जाते. अमेरिकेतील अँडरसन आणि बर्नहॅम या संशोधकांच्या १९७६ च्या मलार्डविषयक विश्लेषणाने या ‘भरपाई’च्या कल्पनेला एका मर्यादेपर्यंत बळ दिले. वाद त्यानंतरही चालूच राहिला. उलट बाजूला कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील डेल्टा दलदलीवर काम करणारे संशोधक होकबाउम यांनी १९४० च्या दशकात दाखवलेला धोका आहे. बदकांच्या माद्या जन्मलेल्या पाणथळीकडेच विणीला परततात. हंगामाच्या आरंभी बाहेरचे थवे आलेले नसतात, म्हणून मार बसतो तो स्थानिक कुटुंबांना. एकूण संख्या टिकली तरी एखादी दलदल कायमची ओस पडू शकते. हा मुद्दा भरपाईच्या गणितात मावत नाही.

दोन्ही पक्ष ‘पिल्लू’ हा शब्द वेगवेगळ्या अर्थाने वापरतात, हा खरा घोटाळा आहे. शिकारीच्या आकडेवारीत त्या वर्षी जन्मलेले प्रत्येक बदक तरुण धरले जाते, मग ते नोव्हेंबरात शेकडो मैल उडून आलेले का असेना. अशा पक्ष्याला मारणे आणि उडता न येणाऱ्याला मारणे या एका तराजूत तोलायच्या गोष्टी नव्हेत. पक्ष्याला सुटकेची संधी हवी, हा शिकाऱ्यांचा स्वतःचाच जुना संकेत. तो वयाशी नव्हे तर पंखांशी बांधलेला आहे. उडता येत असते तेव्हाही पहिले काही दिवस पिल्लू बंदुकीच्या टप्प्यातून झटकन बाहेर पडत नाही. आई सोबत असेल आणि तीच पडली, तर मागे राहिलेली पिल्ले जगण्याची शक्यता फार घटते. मांस कोवळे लागते, हे समर्थन जुने आहे; ते चवीचे आहे, नीतीचे नाही.

वय दुरून ओळखणे कठीण असते. हातात घेतलेल्या पक्ष्याच्या शेपटीची पिसे पाहावी लागतात : पिल्लाच्या पिसाच्या टोकाला, जिथून लव तुटून पडली तिथे, इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच असते, प्रौढाचे टोक अखंड असते. पंखाच्या पिसांचे देठ अजून मऊ आणि रक्ताने भरलेले असतील, तर ते पाखरू धड उडतच नव्हते.

युरोपीय समुदायाच्या (आताचा युरोपीय संघ) १९७९ च्या पक्षी-निर्देशाने, म्हणजे सदस्य देशांना बांधील असलेल्या नियमाने, पिल्ले वाढवण्याच्या काळात शिकारीला मनाई केली. २००९ च्या सुधारित निर्देशातही ती आहे. त्यासाठी २००१ मध्ये तयार झालेल्या दस्तऐवजात शिकारीस परवानगी असलेल्या प्रत्येक जातीचा विणीचा काळ देशवार, दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांत मांडला आहे.