सावलीचा नकाशा: आधी तक्रार, मग शोध

हवामान खातं '३९ अंश' सांगतं तो आकडा सावलीतला असतो. तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत, हवा खेळेल पण ऊन लागणार नाही असा ठेवतात. फुटपाथवर बसलेल्या भाजीवालीला बसणारी झळ त्यात धरलेलीच नसते. ती धरायची तर सावली कुठे आणि किती वाजता पडते हे माहीत हवं. पण शहरांनी सावली मोजायला घेतली ती वेगळ्याच कारणाने: ती नकोशी होती म्हणून.

प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत रोग वाढतो, अशी तेव्हाची धारणा. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरून ठेवला. साध्या भाषेत, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको. तिकडे न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली इक्विटेबल बिल्डिंग सरळसोट उभी राहिली. तिची सावली सात एकरांवर पडते, अशी ओरड झाली. १९१६ च्या झोनिंग कायद्याने मग उंच इमारतींना वर जाताना पायऱ्यांसारखं मागे सरकायला लावलं.

हाच हिशेब पुढे उलट्या बाजूने कामाला आला. विमानातून लेझर सोडून शहराच्या प्रत्येक चौकोनाची उंची मिळू लागली. ती उंची एका चित्रात भरायची, ते चित्र सूर्याच्या विरुद्ध दिशेला थोडं थोडं सरकवत खाली उतरवायचं. सरकलेली उंची मूळ जमिनीच्या वर राहिली की तिथे सावली. युक्ती इतकी सोपी आहे की आधी कशी सुचली नाही, असं वाटतं. स्वीडनमधल्या ग्योटेबोर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली मांडलेलं 'सोलविग' हे प्रारूप याच्या पुढे जातं. थेट ऊन आणि भिंती-डांबरातून परत येणारी उष्णता असं सगळं मिळून माणसाच्या अंगावर किती पडतं, ते काढतं. झाडांनी मात्र गणित अवघड होतं. पानांतून थोडं ऊन झिरपतं, पानगळ होते, आणि सूर्य कलला की खोडाच्या बाजूने ऊन आत शिरतं.

मुंबईत आणखी एक पेच आहे. १५ मेच्या सुमारास, दुपारी साडेबारानंतर सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावली दिवस. त्या वेळी चाळीस मजली टॉवरही पायाशी जेमतेम सावली देतो. वडाखाली मात्र ती असतेच. दोन तासांनी उत्तर-दक्षिण रस्त्याचा पश्चिमेकडचा फुटपाथ इमारतींच्या आडोशाला येतो, पण पूर्व-पश्चिम रस्ता तापतच राहतो, कारण सावली रस्त्याच्या लांबीतच पसरते.

महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याप्रमाणे पालिकांनी दर पाच वर्षांनी झाडं मोजायची असतात. त्या नोंदींत झाडाची जात आणि उंची सापडते. दुपारी दोन वाजता बसथांब्यावर ऊन असतं की नाही, हे त्यांतून आपोआप कळत नाही.